ई-बुक वाचायला कुठलं यंत्र घ्यावं? आधी पुस्तकं बघा, मग हात, मग डोळे

किंडल (ॲमेझॉनचं पुस्तकं वाचायचं यंत्र) घेऊ, टॅब घेऊ की आहे त्या फोनवरच भागवू, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, वाचणार काय आणि ते येणार कुठून? कारण लोक स्क्रीन किती इंची, बॅटरी किती, कलर आहे का हे बघत बसतात आणि यंत्र घरी आल्यावर कळतं की जी मराठी पुस्तकं वाचायची होती ती त्यावर उघडतच नाहीत. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला ही भानगड फारशी नसते, आपल्याला असते, म्हणून सुरुवात तिथूनच.

मराठी ई-पुस्तकं साधारण तीन वाटांनी येतात. पहिली किंडल स्टोअर. किंडल भारतात 2012 पासून विकायला आहे पण तिथे मराठी पुस्तकांचं दालन रीतसर सुरू झालं डिसेंबर 2016 मध्ये, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या जोडीने. दुसरी वाट बुकगंगा, मराठीचा साठा मोठा, पण पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, म्हणजे फोन किंवा टॅब पाहिजे, किंडलवर टाकू म्हटलं तर जमत नाही. तिसरी वाट फुकटातली आणि माझ्या मते सगळ्यात श्रीमंत: ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपल्या साइटवर ठेवलेली पुस्तकं, इंटरनेट आर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं. फक्त यातलं बरंचसं पीडीएफ असतं आणि खरी गोम तिथेच आहे, त्यावर येतेच. मराठी विकिस्रोतावरची जुनी पुस्तकं मात्र ईपब म्हणून, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणाऱ्या फाइलमध्ये, उतरवता येतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

तर एक काम करा, पैसे काढायच्या आधी कागदावर दहा पुस्तकांची नावं लिहा, खरोखर वाचायची आहेत अशी, लोकांना दाखवायला नाही, आणि एकेक नाव किंडल स्टोअर आणि बुकगंगा दोन्हीकडे शोधा. सात-आठ किंडलवर मिळाली तर प्रश्नच मिटला. बहुतेक बुकगंगावर दिसली तर किंडल घेऊन फक्त इंग्रजीच वाचणं होईल, मग टॅब बघा किंवा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर बघा, ओनिक्स कंपनीचे बूक्स म्हणून येतात ते, त्यावर फोनसारखी ॲप्स टाकता येतात आणि स्क्रीन मात्र कागदासारखा. महाग असतात आणि बाहेरून मागवला तर वॉरंटीला कोण उभं राहणार हे आधी विचारून घ्या. आणि नावं कुठेच मिळाली नाहीत तर सरळ दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मेंबर व्हा, 1898 पासून चालू आहे, चार्जिंग लागत नाही.

आता पीडीएफचं बघू, कारण सगळ्यात जास्त वैताग तिथेच आहे. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच समजा, अक्षर मोठं केलं की पूर्ण पान मोठं होतं आणि मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं. हिशोब साधा आहे. आपल्याकडचं नेहमीचं डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असतं. सहा इंची रीडरचा स्क्रीन उंचीला पाच इंचही भरत नाही (सहा इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं माप), म्हणजे पान जवळजवळ निम्मं होऊन बसतं आणि 12 पॉइंटचं अक्षर सहा-सात पॉइंटचं दिसायला लागतं, औषधाच्या स्ट्रिपवर एक्सपायरी डेट छापतात तसलं. ए-फोर आकाराची पीडीएफ असेल तर विचारूच नका. तेच डेमी पान 10.3 इंची ई-इंक स्क्रीनवर जवळपास मूळ आकारात बसतं. म्हणून ज्यांचं वाचन मुख्यतः पीडीएफ आहे, संशोधन करणारे, एमपीएससीच्या नोट्स वाचणारे, जुनी स्कॅन पुस्तकं वाचणारे, त्यांनी सहा-सात इंचीच्या वाटेलाच जाऊ नये, दहा इंची साधा टॅबसुद्धा त्यांना जास्त सुखाचा पडेल.

"पण पीडीएफ कन्व्हर्ट करता येते ना?" येते, पण सगळी नाही. कॅलिबर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, 2006 मध्ये सोनीच्या पीआरएस-500 या रीडरसाठी सुरू झालं होतं आणि आज जवळपास सगळे फॉरमॅट इकडून तिकडे करतं. मात्र मराठी पीडीएफ त्यात घालायच्या आधी एक टेस्ट करा: पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा, पानावर डोळ्यासमोर दिसणारा एखादा शब्द, समजा "घर", सर्चमध्ये टाइप करा. सापडला तर चान्स आहे. नाही सापडला तर एकतर ते स्कॅन आहे किंवा युनिकोडच्या (मराठी अक्षरं सगळीकडे सारखी ओळखली जाण्याची आताची पद्धत) आधीच्या जुन्या, छपाईसाठीच्या डीटीपी फॉन्टमध्ये बसवलेलं आहे, श्रीलिपी वगैरे, आणि कन्व्हर्ट केल्यावर हातात फक्त चिन्हांचा कचरा येणार. युनिकोड असून सुद्धा कधीकधी वेलांट्या जागा सोडतात, तेव्हा पूर्ण पुस्तकाच्या मागे लागण्याआधी दोन पानं बघून घ्या.

ईपबचं सोपं आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. केबल लावून ईपब फाइल किंडलमध्ये नुसती कॉपी केली तर ती दिसणार नाही, ती "सेंड टू किंडल" या ॲमेझॉनच्याच सोयीने पाठवायची, 2022 पासून तिथे ईपब चालतं, वेबसाइटवरून 200 एमबीपर्यंत आणि ईमेलने 50 एमबीपर्यंत. आणि विकत घेतलेली किंडल पुस्तकं तुमच्या अकाउंटशी बांधलेली असतात. पूर्वी वेबसाइटवरून ती कॉम्प्युटरवर उतरवून केबलने टाकायची सोय होती, ती 26 फेब्रुवारी 2025 पासून बंद झाली, त्यामुळे ज्या दुकानातून पुस्तकं घ्याल त्याच घरात राहायचं हे धरूनच चाला.

पुस्तकांचं ठरलं की मग अक्षर. हे मी फार महत्त्वाचं मानते आणि मराठीसाठी रिव्ह्यूमध्ये कोणीच सांगत नाही. देवनागरीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते, वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरं, त्यामुळे स्क्रीन बारीक दाण्याचा नसेल तर "ष्ट" आणि "ष्ठ" एकसारखे दिसायला लागतात. आकडा लक्षात ठेवायचा तो 300 पीपीआय, म्हणजे एका इंचात 300 ठिपके. 2022 च्या आधीचं बेसिक किंडल 167 पीपीआयचं होतं, इंग्रजीला चालून जायचं, मराठीला नाही. 2022 पासून बेसिक मॉडेलसुद्धा 300 चं आहे. ओळखीच्या कोणाकडे किंडल असेल किंवा दुकानात डेमो पीस चालू असेल तर मराठी पुस्तकाचं सॅम्पल उघडा, सॅम्पल फुकट असतं, आणि हे शब्द शोधा: तऱ्हा, सुऱ्या, ज्ञानेश्वर, उत्कृष्ट, दुर्दैव. "तऱ्हा"तला तो अर्धा र पापणीसारखा नीट दिसतोय का बघा. पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसली, म्हणजे "पुस्‌तक" असं काहीतरी, तर ते यंत्र किंवा ते ॲप मराठीसाठी बाद.

फॉन्टही आपल्या आवडीचा टाकता येतो. किंडल केबलने जोडलं की "फॉन्ट्स" नावाचं फोल्डर दिसतं, त्यात फाइल टाकायची आणि पुस्तक उघडून सेटिंगमध्ये निवडायची. मी दोन वापरते, तिरो देवनागरी मराठी, हा खास मराठी वळणाचा, ल आणि श आपण शाळेत गिरवले तसेच येतात, हिंदी छपाईतले नाही, आणि दुसरा मुक्त, आपल्या मुंबईच्याच एक टाइप या मंडळींचा, सडपातळ आणि स्वच्छ. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. एखाद्या पुस्तकाने स्वतःचाच फॉन्ट धरून ठेवला असेल तर बदलत नाही, तेव्हा डोकं आपटू नका.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिला रीडर लावून दिला तेव्हा मी अक्षर खूप मोठं करून ठेवलं, म्हटलं बरं पडेल. तर ती म्हणाली, "अगं, एका ओळीत तीनच शब्द, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला होतं." बरोबर होतं तिचं. अक्षर दोन पायऱ्या खाली आणलं, ओळींमधलं अंतर वाढवलं, कडेची मोकळी जागा एकदम कमी केली आणि ठळकपणा एक घर वाढवला. ओळीत सहा-सात शब्द यायला लागले आणि मग ती दुपारची सीरियल सोडून वाचत बसली. म्हातारी माणसं असतील तर सहा इंचीऐवजी सात इंची घ्या ते यासाठी, दिसायला एक इंचाचा फरक पण ओळीत एक-दोन शब्द जास्त बसतात.

आता हात. दुकानात काउंटरवर यंत्र दोन्ही हातांत धरून बघतो आपण, खरं वाचन मात्र एका हाताने होतं. बोरिवली-चर्चगेट करणाऱ्या बाईला विचारा, एक हात वरच्या कडीला, पर्स पुढे, आणि उरलेल्या हातात जे बसेल तेच वाचायचं यंत्र. बेसिक किंडल 158 ग्रॅम, त्याच्या वरचं मॉडेल पेपरव्हाइट साधारण 210 ग्रॅम, आणि दहा इंची टॅब 480-500 ग्रॅमच्या घरात, वर कव्हर. 500 ग्रॅम म्हणजे अर्धा लिटर दुधाची पिशवी, ती हातात धरून डोळ्यांसमोर दहा मिनिटं उभ्या राहा, मनगट स्वतःच सांगेल काय घ्यायचं. झोपून वाचणाऱ्यांनी तर हे जरूर करा, पाठीवर झोपून टॅब वाचताना डोळा लागला की नाकावर पडतो.

पान उलटायला बटण असलेलं यंत्र गर्दीत फार सुखाचं, कारण टचस्क्रीनला शेजारणीचं बोट लागलं तरी पान पुढे जातं. पण किंडलमध्ये बटणवालं ओएसिस 2024 मध्ये बंद झालं, आता बटणं हवी असतील तर कोबो (ही दुसरी रीडर बनवणारी कंपनी) किंवा बूक्सच्या काही मॉडेल्सकडे बघावं लागतं. नुसतं बटणासाठी एवढा खटाटोप करू नये असं माझं मत, अंगठ्याने पान उलटायची सवय होते.

डोळ्यांचं. ई-इंकमध्ये काय असतं, तर स्क्रीनच्या आत बारीक कॅप्सूल्स, त्यात काळे-पांढरे कण, त्यांना विजेने वर-खाली केलं की अक्षर उमटतं आणि मग तसंच राहतं, वीज फक्त पान बदलताना लागते. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे जाते, आणि भर उन्हात, समजा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून, फोन काळाठिक्कर दिसतो तेव्हा हा उलटा अजून स्पष्ट दिसतो. बॅटरीचा आकडा मात्र जाहिरातीतला जसाच्या तसा घेऊ नका, तो रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असं धरून काढलेला असतो, दोन-दोन तास वाचणाऱ्याने आपला हिशोब करावा. रात्रीसाठी रीडरमध्ये छोटे एलईडी असतात, त्यांचा उजेड समोरून स्क्रीनवर पडतो, फोनसारखा मागून डोळ्यांत येत नाही. तो उजेड पिवळसर करता येतो का हे नक्की बघा. बेसिक किंडलमध्ये ती सोय नाही, पेपरव्हाइटमध्ये 2021 च्या मॉडेलपासून आहे. नवरा शेजारी झोपलेला असताना वाचणार असाल तर एवढ्या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे वसूल.

डोळे फक्त स्क्रीनमुळे दुखतात असंही नाही, टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो त्यामुळे ते कोरडे पडतात, ई-इंकवरही पडतील. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं, लोकलमध्ये सोपं आहे, स्टेशन आलं की बाहेर बघा. आणि चष्मा तपासून वर्षं लोटली असतील तर कुठलंही यंत्र घेतलं तरी काही उपयोग नाही.

फोनवरच वाचणार असाल तर खुशाल वाचा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त वाचताना डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा चालू झाली की पुस्तक गेलंच. पानाचा रंग पांढराफटक न ठेवता फिकट बदामी करा आणि ब्राइटनेस खोलीतल्या उजेडाएवढा. महिनाभर असं वाचून बघा आणि खरंच रोज वाचलं जात असेल तरच रीडरवर खर्च करा. मी कितीतरी घरांत कपाटात पडलेली किंडलं बघितली आहेत.

मुलांसाठी ई-इंक नको, टॅब बरा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, रंगीत आणि मोठ्या आकाराची, ती काळ्या-पांढऱ्या सहा इंचीवर बघण्यात अर्थ नाही. कलर ई-इंक निघालाय, पण त्यात काळं अक्षर 300 पीपीआय आणि रंगीत भाग 150 पीपीआय असतो, आणि स्क्रीन एकूणच जरा मळकट दिसतो. नुसत्या कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्याने कलरचे पैसे घालवू नयेत. मेमरीचंही तसंच, 16 जीबी म्हणजे हजारो पुस्तकं, जास्तीची मेमरी ऑडिओबुकवाल्यांसाठी.

मुंबईत राहून वॉटरप्रूफचा विचार न करणं मला तरी जमत नाही. पेपरव्हाइट आयपीएक्स8 आहे, म्हणजे दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर तग धरतं असं कंपनी सांगते. बेसिक किंडलला असलं काही नाही. जुलैत दादर स्टेशनच्या पुलावरून उतरेपर्यंत बॅगेत पाणी शिरतंच, तेव्हा बेसिक घेतलंत तर झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी कायम बॅगेत ठेवा. भिजलं तर तोंडाने फुंकत बसू नका आणि पोर्ट पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका, वॉटरप्रूफ असलं तरी.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, उलट ज्यांची वापराविना पडून आहेत त्यांच्याकडून स्वस्तात चांगलं मिळतं. फक्त समोर उभं राहून तीन गोष्टी बघा: विकणाऱ्याने आपलं अकाउंट काढलंय का आणि तुमचं अकाउंट तिथल्या तिथे चालू होतंय का, चार्जिंग यूएसबी-सी आहे का जुनं मायक्रो, आणि पूर्ण पांढरं पान उघडून उजेड कमी-जास्त करताना कुठे काळा डाग किंवा रेघ दिसते का. अकाउंट "घरी जाऊन काढतो" म्हणणाऱ्याला पैसे पण घरी जाऊनच द्या.

कव्हर पहिल्या दिवशीच घ्या, झाकण कडक असलेलं. ई-इंकच्या स्क्रीनमध्ये आत पातळ काच असते आणि ती पडून फुटते त्याच्यापेक्षा दाबाने जास्त फुटते, वरून काही दिसत नाही आणि चालू केलं की अर्धा स्क्रीन गोठलेला. नव्या रीडरमध्ये सहसा ही काच बदलून घेण्यात अर्थ नसतो, खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. अंधेरीला गाडीत चढताना बॅग मधे आणि माणसं दोन्हीकडून, तेव्हा डब्याचा कोपरा बरोबर स्क्रीनच्या मधोमध रुततो. रीडर बॅगेच्या पाठीकडच्या कप्प्यात, स्क्रीनची बाजू आपल्या पाठीकडे करून, आणि टिफिन, पाण्याची बाटली, छत्री सगळं पुढच्या कप्प्यात. बॅग पुढे घेऊन उभ्या राहत असाल तरी हाच कप्पा, कारण मग तो आपल्या पोटाशी येतो आणि धक्का बाहेरच्या टिफिनला बसतो.